पायात स्नोशू, अंगात हिम-मत!

माहीत आहे का? न्यूयॉर्क राज्यात पायातले बूट चुकले म्हणून दंड होऊ शकतो. मॅनहॅटनच्या फॅशन शोमध्ये नव्हे हं, पार उत्तरेला, ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरात! तिथल्या 'हाय पीक्स' जंगलात आठ इंचांवर बर्फ साठला की पायात स्नोशू किंवा स्की असणं सक्तीचं. नियम सरकारी आहे, तपासायला रेंजर आहेत आणि 'साहेब, पुढच्या वेळी नक्की' हा आपला हुकमी एक्का तिथे चालत नाही.

एवढी कडक शिस्त कशाला? साध्या बुटांनी भुसभुशीत बर्फात चाललं की पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत आत जातो आणि मागे उरतो खोल खड्डा. रात्री तो गोठतो. सकाळी त्याच वाटेने येणाऱ्याचा घोटा बरोब्बर त्यात! या प्रकाराला तिकडे 'पोस्टहोलिंग' म्हणतात. ते करणाऱ्याला काय म्हणतात, ते फॅमिली पुरवणीत छापता येत नाही.

थांबा, आधी ओळख करून घेऊ. स्नोशू म्हणजे पावलाच्या कितीतरी पट मोठी चौकट. त्यात ताणून बसवलेली जाळी किंवा प्लास्टिक, मधे बूट अडकवायचे पट्टे, खाली धातूचे दात. स्कीवर घसरायचं असतं, यावर चालायचं. बॅटरी नाही, चार्जर नाही, ॲप नाही. २०२०च्या दशकात असली वस्तू विकली जाते हेच आश्चर्य!

आता दोन ओळींचं गणित, घाबरू नका. ७० किलोंचा माणूस एका बुटावर उभा राहिला तर बर्फाच्या दर चौरस सेंटिमीटरवर पाव किलोच्या आसपास भार येतो. आठ बाय पंचवीस इंचांचा स्नोशू घातला की तोच भार साठेक ग्रॅमवर. वजन तेवढंच, डाएट शून्य!

पण 'तरंगतो' वगैरे जाहिरातीतलं बोलणं सोडा. ताज्या बर्फात स्नोशूही रुततो, फक्त कमी रुततो. पाठीवर सॅक भरली की आणखी रुततो. म्हणून दुकानदार तुमच्या पायाचं माप विचारत नाही, वजन विचारतो. सॅकसकट. खोटं बोलण्यात अर्थ नाही, बर्फ खरं ते सांगतोच.

माहीत आहे का, न्यूयॉर्क राज्यातलं सर्वांत उंच शिखर आपल्या कळसूबाईपेक्षा ठेंगणं आहे? माउंट मार्सी १,६२९ मीटर, कळसूबाई १,६४६! सतरा मीटरने आपण पुढे. फरक इतकाच, की कळसूबाईवर डिसेंबरात स्वेटर पुरतो आणि मार्सीच्या माथ्यावर नाक उघडं राहिलं तर नाकाची चिंता करावी लागते.

ॲडिरॉन्डॅक पार्क तरी केवढा? साठ लाख एकर. आपल्या नाशिक जिल्ह्याच्या दीडपट! त्यात ४६ 'हाय पीक्स' आहेत आणि ती सगळी सर करणाऱ्यांना म्हणतात 'फॉर्टी-सिक्सर'. यादी बनली तेव्हा प्रत्येक शिखर चार हजार फुटांवरचं मानलं होतं. नंतरच्या मोजणीत चार शिखरं त्याहून बुटकी निघाली. तरी यादीतून नावं कापली नाहीत. आपल्याकडे मेरिट लिस्ट लागल्यावर एवढी दिलदारी कोण दाखवतं?

याच मंडळींची आणखी एक गंमत. हिवाळ्यात ४६ शिखरं केली की 'विंटर' बिल्ला मिळतो. पण २१ डिसेंबरच्या आधी चढलेलं शिखर हिवाळ्यात धरत नाहीत. नोव्हेंबरात कमरेएवढ्या बर्फातून वर गेलात? उत्तम. टाळ्या. पण हिशेबात धरणार नाही. सीझनच्या सुरुवातीला जाणाऱ्यांचं हे जुनं दुखणं: थंडी खरी, बर्फ खरा, मार्क शून्य.

काश्मीरचा कडक थंडीचा चाळीस दिवसांचा 'चिल्लई कलान'सुद्धा २१ डिसेंबरलाच सुरू होतो. वर्षातली सर्वांत मोठी रात्र दोन्हीकडे कॅलेंडर सांभाळते.

आणि ऐका, नोव्हेंबरात ॲडिरॉन्डॅकच्या पूर्व हाय पीक्समध्ये मुक्कामी जाणाऱ्याच्या सॅकमध्ये अस्वलाला न उघडणारा डबाही लागतो. डब्याची सक्ती एप्रिल ते नोव्हेंबर. म्हणजे पहिला बर्फ लवकर आला तर एकाच सॅकवर स्नोशू आणि आत अस्वलप्रूफ डबा. बर्फ आला तरी अस्वल झोपलं असेलच असं नाही ना!

सीन चेंज! चला आल्प्समध्ये.

माहीत आहे का, जगातला सर्वांत जुना ज्ञात स्नोशू बारा वर्षं एका ऑफिसात पडून होता? २००३ साली इटलीच्या लष्करी भूगोल संस्थेतले नकाशातज्ज्ञ सिमोने बार्तोलिनी ऑस्ट्रियाच्या सीमेवर हिमनदीची मोजणी करत होते. ३,१३४ मीटर उंचीवर त्यांना लाकडाचं एक वाकडं कडं दिसलं, त्याला दोरीचे तुकडे लटकलेले. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा शेतकऱ्याने टाकलं असेल असं समजून त्यांनी ते उचललं आणि फ्लॉरेन्सच्या ऑफिसात आठवण म्हणून ठेवून दिलं. पुढे शंका आली, वस्तू पुरातत्त्ववाल्यांकडे गेली, कार्बन डेटिंग झालं. वय निघालं सुमारे ५,८०० वर्षं!

बर्च झाडाची फांदी वाकवून केलेलं ते कडं आहे. त्याच पट्ट्यात बर्फातून निघालेला सुप्रसिद्ध 'ओत्झी' हा हिममानव आठवतो? हा स्नोशू त्याच्याहूनही काही शतकं म्हातारा. आपल्या ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये काय काय आहे, एकदा बघाच.

प्राचीन मंडळी हुशारच होती. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने दोन हजार वर्षांपूर्वी कॉकेशसमधल्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय: बैलाच्या कच्च्या कातड्याचे रुंद, खिळे लावलेले जोडे घालून ते बर्फ चढायचे. उतरताना? कातड्यावर बसायचं आणि सामानासकट सूंऽऽ खाली! दोन हजार वर्षांनी आपण मनालीजवळच्या सोलांगला त्याच गोष्टीचे पैसे मोजतो.

त्याच्याही आधीचा झेनोफोन. इ.स.पू. ४०१च्या हिवाळ्यात त्याचं ग्रीक सैन्य आर्मेनियाच्या बर्फातून परतत होतं. गावच्या मुखियाने सल्ला दिला, घोड्यांच्या खुरांना पिशव्या बांधा, नाहीतर पोटापर्यंत रुततील. घोड्यांचे स्नोशू! पोटात बर्फ गेला नाही, गोष्ट इतिहासात गेली.

ती युक्ती अंटार्क्टिकात पुन्हा चमकली. १९११ साली दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीत ओझं ओढायला तट्टं होती. बर्फात ती रुतायची, धापा टाकायची. 'वेअरी विली' नावाच्या एका तट्टाला घोड्यांचे स्नोशू बांधले आणि जादू झाली, पठ्ठ्या आरामात फिरायला लागला. मग बाकीच्यांना का नाही बांधले? कारण सोबत एकच सेट होता! उरलेले तळावर. आणायला माणसं धावली, तर मधला समुद्रावरचा बर्फ फुटून वाहून गेलेला. रस्ताच गायब. पुढे ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि त्याचे सोबती दगावले, त्या शोकांतिकेपुढे ही बाब लहान आहे, पण वाचताना हात कपाळाला जातोच.

आणि यात भारत कुठे? आहे ना! पुढच्या वर्षी त्याच मोहिमेसाठी हिंदुस्थानातून सात खेचरं पाठवली होती. नावं ऐका: लाल खान, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी, खान साहिब. ही खेचरं शोधपथकाबरोबर निघाली आणि त्याच पथकाला १२ नोव्हेंबर १९१२ रोजी स्कॉटचा तंबू सापडला. दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर 'प्यारी' अशी हाक घुमली होती, हे शाळेत कुणी सांगितलं होतं?

जरा हलकं करू. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये लेक टॉमाहॉक नावाचं गाव आहे. तिथे १९६१पासून स्नोशू घालून बेसबॉल खेळतात. कधी? भर उन्हाळ्यात! मैदानावर लाकडाचा भुसा आणि ढलप्या पसरतात, खेळाडू धडपडतात, गाव हसतं आणि स्टॉलवर घरगुती पाय विकत मिळतात. खायचे पाय हो, चालायचे नाहीत!

'नॉर्वे' नावाचं गाव नॉर्वेत नाही, अमेरिकेच्या मेन राज्यात आहे आणि ते एके काळी स्नोशूंसाठी गाजलेलं होतं. तिथल्या मेली डनहॅमने रॉबर्ट पिअरीच्या उत्तर ध्रुव मोहिमेला स्नोशू बनवून दिले. पण पठ्ठ्या फेमस कशामुळे झाला? फिडल वाजवून! १९२५ साली मोटारवाल्या हेन्री फोर्डने त्याला खास बोलावलं, तेव्हा आजोबांचं वय ७२. ध्रुवाच्या मोहिमेवर स्नोशू गेले, पण पेपरात फोटो आला तो फिडलसकट.

कॅनडात १८४०च्या सुमाराला 'मॉन्ट्रियल स्नो शू क्लब' निघाला. निळी लोकरी टोपी हा त्यांचा युनिफॉर्म, हातात मशाली, आणि रात्री माउंट रॉयलच्या टेकडीवर मिरवणूक. त्याआधी शतकानुशतकं स्थानिक आदिवासी जमातींसाठी हाच स्नोशू शिकारीचं, प्रवासाचं, जगण्याचं साधन होता. ॲश झाडाचं लाकूड वाफवून वाकवायचं आणि कॅरिबू किंवा मूस हरणाच्या कातडीच्या ओल्या पट्ट्या त्यात विणायच्या. पट्टी वाळली की आवळते. प्रदेशागणिक आकार वेगळा: दाट झाडीत गोल, आखूड 'बेअर पॉ', मोकळ्या रानात लांब, शेपटीवाला. ओजिब्वे लोकांचा स्नोशू तर दोन्ही टोकांना निमुळता, पुढून वर वळलेला. डिझाइन स्कूलची डिग्री कुणाकडेच नव्हती.

याच ॲश झाडावर आज संक्रांत आली आहे. एमराल्ड ॲश बोरर नावाचा आशियाई भुंगा २००२मध्ये मिशिगनात सापडला आणि तेव्हापासून त्याने कोट्यवधी झाडं संपवली. हिरवाकंच, चमकदार, दिसायला दागिना. असो.

लाकडी स्नोशू भिंतीवर टांगतात ते फक्त शोभेला नव्हे. साळिंदराला मिठाची भयंकर हाव. तुमच्या घामाने खारावलेले पट्टे आणि लाकूड त्याला कुरतडायला फार आवडतं. ट्रेक तुमचा, चखणा त्याचा!

माहीत आहे का, स्नोशूवर रिव्हर्स गिअर नाही? टाच मोकळी असते, म्हणून मागे पाऊल टाकलं की शेपटी बर्फात घुसते आणि आपण सपशेल आडवे. वळायचं तर गोल फिरून यायचं. उलट उभ्या चढावर मात्र राजेशाही सोय: टाचेखाली तारेची एक कडी उभी करायची, टाच वर राहते, पोटऱ्या दुवा देतात. डोंगरात हाय हील्स, तेही डॉक्टरांच्या आशीर्वादाने!

ॲडिरॉन्डॅकमधल्याच जॉर्ज सरोवराकाठी १७५८च्या मार्चमध्ये एक लढाई झाली, तिचं नावच 'बॅटल ऑन स्नोशूज'. ब्रिटिशांच्या बाजूचा रॉबर्ट रॉजर्स हरला, पण निसटला. दंतकथा अशी, की कड्याच्या टोकाला जाऊन त्याने स्नोशू उलटे बांधले आणि आल्या वाटेने परत चालत गेला. पाठलाग करणाऱ्यांना दिसल्या दोन माणसांच्या खुणा, दोन्ही कड्याकडे जाणाऱ्या. आग्र्याच्या पेटाऱ्यांवर वाढलेल्या आपल्या मंडळींना ही आयडिया लगेच पटेल. त्या कड्याला आजही 'रॉजर्स रॉक' म्हणतात.

आता टपालखातं. 'स्नोशू थॉम्पसन' या नॉर्वेत जन्मलेल्या वीराने १८५६पासून वीस वर्षं कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातून हिवाळी टपाल वाहिलं. एकेका बाजूला ९० मैल! जाताना तीन दिवस, परतताना दोन. गंमत एक: नाव स्नोशू, पण पायात दहा फुटी स्की. गंमत दोन, खरं तर गंमत नव्हेच: सरकारने त्याला पगार कधी दिलाच नाही.

प्राण्यांना मात्र स्नोशू फुकटात. रफ्ड ग्राउस हा तितराच्या कुळातला पक्षी. शरद ऋतूत त्याच्या बोटांच्या कडेला कंगव्याचे दाते उगवतात, बर्फावर पाय रुंद होतो आणि वसंतात दाते गळून पडतात. सीझनल एडिशन! आपल्या हिमबिबट्याचे केसाळ, रुंद पंजे तेच काम करतात. देशभरात त्यांची संख्या ७१८, पैकी ४७७ एकट्या लडाखात.

'स्नोशू हेअर' नावाच्या सशाची गोष्ट मात्र जरा कासावीस करते. उन्हाळ्यात तपकिरी, हिवाळ्यात पांढरा. पण रंगाचा स्विच बर्फ पाहून नाही, दिवस लहान झाला की दाबला जातो. बर्फ उशिरा आला तर? तपकिरी पाचोळ्यावर पांढराशुभ्र ससा, जागचा हलत नाही, कारण आपण दिसत नाही अशी त्याची खात्री. लिंक्स नावाच्या रानमांजराला मेजवानी. मोंटानातल्या अभ्यासात अशा सशांची आठवडाभर तग धरण्याची शक्यता जास्तीत जास्त सात टक्क्यांनी घटलेली दिसली. सीझनची सुरुवात माणसालाच चकवते असं नाही.

आणि आलो मुद्द्यावर! पहिला बर्फ म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. फोटोत सगळं समान पांढरं. खाली दगड, ओंडके, झाडांची मुळं, न गोठलेले ओढे. एक फूट बर्फात स्नोशूचे दात दगडावर खरवडतात, मधेच अख्खी चौकट दोन ओंडक्यांच्या मधे पुलासारखी टेकते आणि कड्कन वाकते. ओढ्यावरचा बर्फाचा पापुद्रा नोव्हेंबरात तुमचं वजन पेलेलच असं नाही. तळ्यावर पाऊल टाकायचं तर किमान चार इंच घट्ट, स्वच्छ बर्फ हवा. मोजून. नजरेने नव्हे.

माहीत आहे का, बर्फात साखरही असते? 'शुगर स्नो'! हे नीट वाचा, कारण हा खरंच जिवाचा प्रश्न आहे. जमीन शून्य अंशाजवळ असते. वर रात्रीची हवा उणे पंधरा. बर्फाचा थर दोन मीटर जाड असेल तर हा फरक मीटरमागे साडेसात अंशांचा. पण सीझनच्या सुरुवातीला थर असतो जेमतेम तीस सेंटिमीटर. तोच फरक आता मीटरमागे पन्नास! मीटरमागे दहाच्या वर गेलं की खालच्या बर्फाची वाफ वर सरकते, पुन्हा गोठते आणि एकमेकांना न चिकटणारे टोकदार दाणे तयार होतात. हातात घेतले तर साखरेसारखे सुटे निसटतात. पुढे त्यावर जड बर्फ पडला, की पाया रवाळ आणि मजला पक्का. मग वरचा थर घसरायला एका पावलाचं निमित्त पुरतं.

कोलोरॅडोचे रॉकीज या साखरेसाठी बदनाम आहेत. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं आणि माणसं अडकतात त्या दहातल्या नऊ घटनांत ते त्यांनी स्वतः किंवा सोबत्याने सुरू केलेलं असतं. स्नोशूवाल्यांना वाटतं, हे स्कीवाल्यांचं दुखणं. चूक! उताराच्या पायथ्याने निवांत चालणाराही वरचा थर सोडवू शकतो. गाडल्यावर हाताशी असतात पहिली दहा-पंधरा मिनिटं. रेस्क्यू टीम तेवढ्यात येत नाही. सोबत्याकडे गाडलेल्याचा सिग्नल पकडणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोधायची काठी म्हणजे प्रोब आणि फावडं असेल तर गोष्ट वेगळी.

दीर्घ श्वास. पुन्हा मजा!

सायमन बेक हे ब्रिटिश गृहस्थ ऑक्सफर्डला इंजिनिअरिंग शिकले आणि आता काय करतात? स्नोशू घालून, होकायंत्र हातात धरून, पावलं मोजत बर्फावर अवाढव्य रांगोळ्या काढतात. फ्रान्सच्या लेझ आर्क भागात २००४ साली सुरुवात झाली. एकेक नक्षी फुटबॉलच्या मैदानांएवढी, दहा-दहा तास चालून काढलेली. रात्री बर्फ पडला की पाटी कोरी. आणि हो, त्यात एक पाऊल चुकलं तर खोडरबर नाही!

इटलीच्या व्हाल दि नॉनमध्ये जानेवारीत 'ला चास्पोलाडा' ही स्नोशूंची शर्यत १९७३पासून होते. हजारो लोक, आजी-आजोबांपासून पोरांपर्यंत. ऑलिम्पिकमध्ये मात्र हा खेळ नाही. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये आहे आणि तिथे आपण आहोत! मार्च २०२५, तुरिन: भारताची ३३ पदकं. आठ सुवर्ण, अठरा रौप्य, सात कांस्य. त्यात स्नोशूची पदकंही. क्रिकेटच्या गोंगाटात ही बातमी किती जणांनी वाचली?

जपानच्या इबुकी पर्वतावर १४ फेब्रुवारी १९२७ रोजी बर्फाची जाडी भरली ११.८२ मीटर. पर्वताची उंची? १,३७७ मीटर. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट त्याहून उंच! अमेरिकेतल्या माउंट बेकर स्की एरियात १९९८-९९च्या एका सीझनला १,१४० इंच बर्फ पडला, म्हणजे जवळपास २९ मीटर. एकूण बरं का, एका रात्रीत नव्हे.

आणि काश्मीर? तिथे भाताच्या पेंढ्यापासून विणलेले 'पुल्होर' घालून पिढ्यानपिढ्या लोक बर्फात चालले. भार पसरायला नव्हे, न घसरायला. पेंढा झिजला की नवा जोड. गुलमर्गला आता स्नोशू भाड्यानेही मिळतात.

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींनो, थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकेंडला ॲडिरॉन्डॅकचा बेत असेल तर स्नोशू विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. पहिल्या बर्फातले दगड नव्या जोडाची वाट लावतात. आधी रेंजर ऑफिसचा वाटांचा अहवाल वाचा. आठ इंचांचा नियम पाळा. आणि तेव्हा तिथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून शिखर कितीही जवळ दिसलं तरी ठरलेल्या वेळी परत फिरा. हेडलॅम्प सॅकमध्ये नको, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. थंडीत सेल लवकर उतरतात.